कादंबरीतल्या एका नियमाचा शॉट करताना

मी मुंबईतल्या एका व्हीएफएक्स (चित्रपटांचे दृश्य-परिणाम करणाऱ्या) स्टुडिओत रोटो करते. परदेशी चित्रपटांच्या प्लेट, म्हणजे मूळ चित्रित झालेले शॉट, आमच्याकडे येतात. त्यातल्या माणसांच्या, घोड्यांच्या, वाऱ्यावर उडणाऱ्या केसांच्या कडा आम्ही एकेका फ्रेमवर आखून देतो आणि पुढचं काम कॉम्पवाले, म्हणजे वेगवेगळे थर जोडून अंतिम चित्र बनवणारे, करतात. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांच्या शॉटमध्ये 120 फ्रेम होतात. मला कॉम्पमध्ये जायचं होतं आणि त्यासाठी शोरीलमध्ये (आपल्या कामाच्या नमुन्यांच्या चित्रफितीत) स्वतःचा असा एक शॉट हवा होता. स्फोट आणि जादूचे झोत शिकवणारे धडे कुठेही मिळतात, पण पुस्तकातलं पान पडद्यावर येताना काय काय घडतं ते मला स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं.

म्हणून ‘ड्यून’ घेतलं. वाळवंटी ग्रहावर घडणारी फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी 1965 ची. सत्तरच्या दशकात दिग्दर्शक होदोरोव्स्कींनी तिच्यावर चित्रपट करायची मोठी तयारी केली, पण तो झालाच नाही. 1984 मध्ये डेव्हिड लिंचनी सगळी कादंबरी एकाच चित्रपटात बसवली. दनी व्हिलनव्हनी 2021 च्या चित्रपटात अर्धीच कथा सांगितली. पुस्तक वाचताना त्यांचा निर्णय मला पटत गेला, कारण यातला निम्मा व्यवहार माणसांच्या मनात चालतो. पात्रं सतत एकमेकांना जोखत असतात आणि कॅमेऱ्याला ते दिसत नाही. व्हिलनव्हनी ही स्वगतं जवळपास काढूनच टाकली. आई आणि मुलगा चारचौघांत बोटांच्या खुणांनी बोलतात, एवढ्यावर बरंच काही भागवलं. माझ्या मते रूपांतराचं खरं कसब इथंच आहे.

मी निवडलेली गोष्ट होती ढाल. हर्बर्टच्या जगात माणसं अंगाभोवती ऊर्जेचं कवच घेऊन लढतात. वेगानं आलेला वार ते अडवतं, सावकाश आलेलं पातं मात्र आत शिरू देतं. सगळी तलवारबाजी या एका नियमावर उभी आहे. 1984 च्या चित्रपटात ही ढाल पारदर्शक ठोकळ्यांसारखी दिसते. 2021 मध्ये पॉल लॅम्बर्ट यांच्या व्हीएफएक्स चमूनं दुसरा मार्ग धरला. चित्रित झालेल्या शॉटमधल्याच मागच्यापुढच्या फ्रेम घेऊन त्यातून ढाल घडवली. वार अडला की निळी झाक, पातं आत गेलं की लाल. या चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्करपैकी एक या कामाचं होतं. बरंचसं काम डीनेग स्टुडिओनं केलं, ज्याची शाखा मुंबईतही आहे.

आधी चित्रीकरण. लढायला माणसं हवी होती, म्हणून कोल्हापूरला गेले. माझा मावसभाऊ आणि त्याचा तालमीतला मित्र लहानपणापासून मर्दानी खेळ करतात. मागे हिरवा पडदा लावायचा नाही हे मी ठरवलेलं होतं. ‘ड्यून’च्या सेटवर वाळूच्या रंगाचे पडदे वापरले होते, आणि त्याचं कारण प्रकाश हे आहे. हिरव्या पडद्यावरून उन्हाचा हिरवा उजेड उसळून माणसाच्या जबड्यावर, कानामागे, घामावर बसतो. नंतर तो कितीही काढला तरी त्वचा निर्जीव दिसते. मागे शेवटी वाळवंटच येणार असेल तर कडेवर वाळूचा रंग राहिला तरी बिघडत नाही, उलट माणूस तिथलाच वाटतो. बुडापेस्टजवळच्या टेकडीवर ऑर्निथॉप्टरची (कथेतल्या पंख हलवत उडणाऱ्या विमानाची) कॉकपिट हलत्या यंत्रावर ठेवली, तेव्हाही तिच्याभोवती याच रंगाची उतरती भिंत उभारली होती, म्हणजे खऱ्या उन्हाचा वाळवंटी उजेड काचेतून कलाकारांच्या चेहऱ्यावर पडेल.

मी खाकी कापडाचा तागा घेतला. मावशीच्या गच्चीवर तो भिंतीला आणि खाली फरशीवरही पसरला. फरशीवरचं कापड जास्त महत्त्वाचं, कारण वाळवंटात उजेड वाळूवरून उसळून खालूनही येतो. हनुवटीखालची सावली उबदार झालेली बघितली आणि मला तिथंच धीर आला. एक तांत्रिक गोष्ट इथं सांगते, कारण ती फार जण सोडून देतात. भर उन्हात मोबाइलचा शटर आपोआप खूप वेगवान होतो आणि हालचालीतला अस्पष्टपणा निघून जातो. मोठ्या चित्रपटात साधारण 1/48 सेकंदाचा शटर असतो. तो ठेवायचा तर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतोच.

भाऊ म्हणाला, “ताई, दांडपट्टा घेऊ काय?” पट्टा फिरताना फार देखणा दिसतो. पण त्याचं पातं लवचीक, वेगातच सरळ राहतं. सावकाश पुढं नेलं की वाकतं. आणि माझा सगळा शॉट त्या सावकाश वारावर होता. मग त्याच्या मित्रानं कट्यार सुचवली. मूठ आडवी, पातं मनगटाच्या रेषेत, भोसकण्यासाठीच घडवलेलं हत्यार. लाकडी कट्यारीवर काम झालं. दोघं लाठीनं झपाट्यानं भिडतात, अंतर मिटतं आणि मग कट्यार इंचाइंचानं छातीकडे जाते. तो हळू वार करायला दोघांनाही झपाट्यापेक्षा जास्त ताकद लागली. दंडाच्या शिरा दिसतात त्यात, आणि तसा ताण अभिनयानं आला नसता.

मुंबईत परतल्यावर रोटो. खाकी पडदा हिरव्यासारखा सहज ‘की’ होत नाही, म्हणजे रंगावरून आपोआप वेगळा काढता येत नाही. त्वचेचे आणि मातीचे रंग त्याच्या फार जवळचे असतात. तेव्हा कडा हातानंच आखायच्या. सुटीच्या दिवशी तेच काम पुन्हा करत होते, पण स्वतःच्या शॉटमधली बोटं आखताना त्या हालचालीचा मला पहिल्यांदा अर्थ लागत होता.

न्यूक या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमध्ये ढाल बांधायला घेतली ती अशी. त्याच प्लेटच्या काही प्रती वेळेत मागेपुढे सरकवल्या, मूळ फ्रेममधून वजा केल्या, उरलेला फरक रोटोच्या आत ठेवून त्यावर निळी झाक दिली. पहिल्यांदा प्ले केलं आणि मी खुर्चीतून उठलेच. माणूस स्थिर असताना मागची फ्रेम आणि आताची फ्रेम जवळपास सारखीच, फरक शून्य, म्हणून ढाल दिसत नाही. लाठी वेगानं आली की फरक वाढतो आणि ढाल उसळून दिसते. हर्बर्टनं कागदावर लिहिलेला नियम इथं वजाबाकीतून आपोआप पाळला जात होता! कल्पनेची सजावट करण्याऐवजी तिचं तत्त्वच यंत्रणेत उतरवायचं, हे मला कुठल्या मुलाखतीतून इतकं कळलं नसतं.

कट्यारीच्या वेळी मात्र फरक अगदी क्षीण होता, वेगच नव्हता ना. तिथं लाल झाक हातानं अ‍ॅनिमेट करावी लागली, आणि ती कुठल्या फ्रेमला सुरू करायची यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. टोक कापडाला टेकल्यावर सुरू केली तर प्रेक्षक उशिरा समजतो, आधी केली तर भीती उरत नाही. शेवटी तिची सुरुवात मी भावाच्या डोळ्यांवर बांधली. त्याची नजर खाली कट्यारीकडे वळते, त्या फ्रेमपासून लाल.

मागे वाळवंट लावलं, धूळ घातली, दूरच्या टेकड्यांचा काळेपणा उडवला. हवेतल्या धुरकटपणामुळे अंतर कळतं आणि अंतरामुळे भव्यता कळते. तपशील वाढवत बसले असते तर तीच हरवली असती.

आमच्या कॉम्प सुपरवायझरनी शॉट मोठ्या पडद्यावर लावून पुन्हा पुन्हा बघितला. ढालीबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, “मनगटाची कड सॉफ्ट कर. आणि हा उजेड कुठून आणलास?” मी त्यांना खाकी कापडाबद्दल सांगितलं. कड दुरुस्त करून दिल्यावर त्यांनी मला कॉम्पची चाचणी दिली, ती मी पास झाले. भावानं आता विचारलंय, पुढच्या पानावर काय आहे. पुढच्या पानांवर वाळू आहे, पायाखाली थरथरणारी. 2021 च्या चित्रपटाचे स्पेशल इफेक्ट्स सुपरवायझर गर्ड नेफ्त्सर यांनी त्यासाठी वाळूखाली कंप पावणारी पोलादी प्लेट पुरली होती, आणि कलाकार खरोखरच आत रुतत गेले. काँक्रीट बसवायचं व्हायब्रेटर यंत्र भाड्यानं मिळतं का, याची मी चौकशी सुरू केली आहे.