बल्ब गार लागला तेव्हा

रंकाळ्याच्या काठचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल माझ्या टेबलावर कायम असतो. उंच बरणीत चिखल, फाडलेला पेपर, थोडं जिप्सम, वर तळ्याचंच पाणी. ही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीची युक्ती, 1880च्या दशकातली. दोन महिन्यांत काचेवर थर उमटतात: वर हिरवा, मधे आमसुलाच्या रंगाचा, तळाशी काळाकुट्ट. त्या मधल्या थरातल्या जांभळ्या जिवाणूंवर माझं काम चालतं. प्रकाशावर जगतात, पण पाणी फोडत नाहीत, म्हणून ऑक्सिजनही सोडत नाहीत.

त्या पावसाळ्यात हे जिवाणू वाढवायच्या आमच्या नळ्या रंग धरेनात. काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली नळी एरवी पाच दिवसांत बिटाच्या रसासारखी होते. नववा दिवस उजाडला, तरी फिकट गुलाबी. मीडियम, म्हणजे जिवाणूंचं खाद्य-द्रावण, दोनदा नव्याने केलं, पीएच पाहिला, जीवनसत्त्वं बदलली. एका विद्यार्थिनीची पीएचडी या नळ्यांवर अवलंबून होती; ती जेवणाचा डबा न उघडताच परत नेत होती.

संध्याकाळी नळ्यांचं, आत बल्ब लावलेलं कपाट उघडून सहज हात घातला. बल्ब गार.

"मॅडम, जुना उडाला हुता, म्हणून नवा लावला," प्रयोगशाळेतले मामा म्हणाले. "कसला लख्ख उजेड पडलाय बघा!"

एलईडी! आपल्या डोळ्यांना लख्ख, पण या जिवाणूंची मुख्य भूक असते 800 ते 880 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाची. तारेच्या पिवळ्या बल्बमधून तो भरपूर मिळतो, पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतोच. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की सगळ्यांना पान आठवतं. पण त्यातल्या अभिक्रिया केंद्राची, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा वापरात आणणाऱ्या प्रथिनांच्या गटाची, अणूअणूची रचना पहिल्यांदा उलगडली ती अशाच एका जांभळ्या जिवाणूत, आणि 1988चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं.

पिवळा बल्ब आता सहज कुठे मिळतो? लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरले. शेवटी मामाच म्हणाले, पोल्ट्रीवाले पिल्लांना ऊब द्यायला अजून तेच लावतात. त्यांच्या पाहुण्यांकडून डझनभर आले.

उबेचा फरक नको म्हणून दोन्ही नळ्या 30 अंशांच्या पाण्यात ठेवल्या. एक एलईडीसमोर, एक पिवळ्या बल्बसमोर. पाचव्या दिवशी पिवळ्या बल्बपुढची नळी इतकी गडद झाली, की पलीकडचं बोट दिसेना. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, काढला: 800 आणि 850 नॅनोमीटरच्या जवळ दोन ठसठशीत शिखरं. विद्यार्थिनीने तो कागद मामांच्या हातात दिला आणि डबा उघडून बसली.

उरलेले अकरा बल्ब मामांच्या कुलपात आहेत.