लाकडी जमीन आणि घुमणारा बेस: स्पाइक काढल्यानंतरची नोंद

गेल्या आठवड्यात टॉवर स्पीकरचे स्पाइक, म्हणजे तळाचे टोकदार धातूचे पाय, काढले, आणि ते आता परत लावणार नाही. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या पोकळ जमिनीत स्पाइक रुतला की कॅबिनेटचा कंप थेट फळ्यांत उतरतो आणि जमीनच वाजायला लागते.

त्याआधी घुमतंय कोण, जमीन की खोली, हे पक्कं करायचं होतं. 30 ते 120 हर्ट्झचा संथ स्वीप, म्हणजे हळूहळू चढत जाणारा सूर, लावला आणि फळीवर तळहात टेकवून बसलो. 57 ला फळी हाताखाली थरथरली. 41 ला कानांवर दडपण आलं, पण फळी जवळजवळ शांत. रूम ईक्यू विझार्ड या मापन सॉफ्टवेअरच्या वॉटरफॉलमध्येही, म्हणजे कुठला स्वर किती वेळ घुमत राहतो हे दाखवणाऱ्या आलेखात, या दोन लांब शेपट्या वेगवेगळ्या दिसतात.

57 चा बंदोबस्त रबराने झाला, पण दुसऱ्या प्रयत्नात. पहिले पॅड इतके कडक होते की स्पीकरच्या वजनाने दबलेच नाहीत, फरक शून्य. पॅड दबला तरच तो स्प्रिंगचं काम करतो. मऊ पॅड 4 मिमी दबले, म्हणजे त्यांची स्वतःची वारंवारता साधारण 8 हर्ट्झ. कंप अडायला तिच्या 1.4 पटीच्या वर, 11 हर्ट्झपासून सुरुवात होते. नुसत्या मऊ पॅडवर टॉवर डुलतो, म्हणून खाली पॅड, त्यावर रुंद दगडी लादी आणि लादीवर स्पीकर. आता पुरुषी आवाज बेसच्या गाळातून मोकळा झालाय. हा फरक ऐकून मी खरोखर हरखलो.

41 मात्र जागचा हलला नाही. हलणारही नव्हता, तो खोलीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी घुमतो ती वारंवारता: खोली 4.2 मीटर लांब, ध्वनीचा वेग 343 मीटर प्रति सेकंद भागिले लांबीची दुप्पट 8.4, उत्तर 41. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी ई तार 41.2 हर्ट्झची, म्हणून तोच स्वर दरवेळी फुगायचा.

खुर्ची मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे आणली, तर 82 हर्ट्झच गायब! खोलीच्या दुसऱ्या मोडचा शांत बिंदू लांबीच्या एक चतुर्थांशावर असतो आणि मी नेमका तिथे बसलो होतो. असा खड्डा ईक्यूने (इक्वलायझरने) भरायला जाऊ नका. अँप्लिफायर दमतो, खड्डा तसाच राहतो. खुर्ची 60 सेंमीवर आणल्यावर स्वर परतला.

41 ला खरा उतार पडला पोर्टमध्ये, म्हणजे स्पीकरच्या बेस वाढवणाऱ्या भोकात, फोमचा बोळा घातल्यावर, कारण माझे पोर्ट 40 च्या आसपासच ट्यून केलेले आहेत. उंचवटा 11 डेसिबलवरून 5 वर आला. उरलेल्यासाठी 41 वर एकच अरुंद फिल्टर, वजा 4. बोळा घट्ट बसवला तर बेस कोरडा वाटतो. अर्धवट सैल ठेवलाय. दोन्ही बाजूंचा सैलपणा सारखा जमलेला नाही, डावीकडे अजून 1 डेसिबल जास्त आहे. पुढची मापं त्याचीच.