जुनं डोमेन बंद करायचंय? आधी त्यावर कोण येतंय ते बघा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या एकेका घराण्याकडे दोन-तीन डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, निघतात. एक वडिलांच्या काळातलं, फर्मच्या नावाचं. एक निर्यातीसाठी घेतलेलं. एक मुलानं नवा ब्रँड काढला तेव्हाचं. नूतनीकरणाचं बिल आलं की विचार येतो, जुनं सोडून द्यावं. घाई करू नका.

पहिलं काम, जुन्या साइटवर कोणती पानं उघडली जातात ते काढा. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं फुकट साधन) १६ महिन्यांची माहिती मिळते, ती सगळी बघा. एकाच महिन्यावर जाऊ नका. गणवेशाची चौकशी शाळा उघडण्याआधी येते, चादरीची थंडीच्या आधी. ऑगस्टमध्ये शून्य दिसणारं पान एप्रिलमध्ये धंदा देत असतं. सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक भेटीची नोंद, तीही बघा, कारण खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून येणारा माणूस गूगलमधून आलेला नसतो.

मग एक्सेलमध्ये प्रत्येक जुन्या पानासमोर नवं पान लिहा. तोच माल नव्या साइटवर असेल तर थेट त्या पानावर ३०१, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय). माल बंद झाला पण जवळचा प्रकार आहे, तर त्या प्रकाराच्या पानावर. काहीच नसेल तर ४१० (‘पान कायमचं काढलं’ असा संकेत), आणि त्या पानावर ‘हा माल आता बनत नाही’ असं सरळ वाक्य व फोन नंबर. सगळंच्या सगळं होमपेजवर ढकलणं हा सर्वांत वाईट मार्ग. ४५० जीएसएमचा टेरी टॉवेल शोधत आलेल्या व्यापाऱ्याला होमपेजवर फिरते फोटो दिसतात आणि तो परत जातो. गूगलही अशा रीडायरेक्टला बऱ्याचदा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं.

३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीच्या पत्त्यावर लावलं तर तुम्ही दुरुस्त केल्यावरही काही लोक चुकीच्याच जागी जात राहतात. म्हणून पहिले चार-आठ दिवस ३०२ (तात्पुरतं रीडायरेक्ट) लावून तपासा, नंतर ३०१ करा. जुन्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर अशी साखळी ठेवू नका. सर्वांत जुनंसुद्धा थेट नव्यावर वळवा.

डोमेन विकणाऱ्याकडच्या फुकट फॉरवर्डिंगवर विसंबू नका. त्यात अनेकदा आतल्या पानाचा पत्ता गळून पडतो आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालत नाही. जुन्या डोमेनलाही चालू एसएसएल सर्टिफिकेट (साइट सुरक्षित असल्याचा दाखला) लागतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्हींसाठी. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, रीडायरेक्ट नंतर वाचतो. सर्टिफिकेट संपलं की माणूस धोक्याच्या सूचनेवरच अडकतो. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतंय ना, हे एकदा डोळ्यांनी बघा.

पत्ता बदलल्याचं सर्च कन्सोलमध्ये कळवा. गूगल ते १८० दिवस धरून चालतं, पण रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं त्यांचंच सांगणं आहे. माझ्या मते, जुना पत्ता छापलेली खोकी आणि कॅटलॉग बाजारात आहेत तोवर ठेवावं.

आता ईमेल. खरा घात इथे होतो. वेबसाइट वळवली म्हणून ईमेल वळत नाही, कारण त्याची एमएक्स नोंद (डोमेनची ईमेल कोणत्या सर्व्हरवर जावी हे सांगणारी) वेगळी असते. जुनं डोमेन सुटलं की ते कुणीही विकत घेऊ शकतो, तोच ईमेल पत्ता तयार करू शकतो आणि ‘पासवर्ड विसरलो’ दाबून तुमच्या खात्यात शिरू शकतो. म्हणून आधी जीएसटी, बँक, आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल), डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) सगळीकडे ईमेल बदला. आयईसीची (आयात-निर्यात कोडची) माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावीच लागते, तेव्हा हेही उरकता येतं. जुन्या पत्त्यावरची पत्रं दोन वर्षं तरी नव्यावर येऊ द्या. त्यानंतर ईमेल बंद करताना एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावानं पत्र कोण पाठवू शकतं याची नोंद) सर्वांना नकार आणि डीमार्कमध्ये (खोट्या पत्राचं काय करायचं याची नोंद) ‘रिजेक्ट’ लावा. नाहीतर तुमच्या नावानं ‘आमचं बँक खातं बदललंय’ असं पत्र परदेशी ग्राहकाला जाऊ शकतं.

शेवटी रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्याकडचं, खातं उघडून बघा. तिथे नोंदवलेला ईमेल त्याच जुन्या डोमेनवरचा असेल तर आजच बदला. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि मुदत संपल्याची सूचना त्याच पत्त्यावर येत असते.