मामा सागरगडावर आला

रविवार, ७ डिसेंबर २०२५

पाय ठणकताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचं आहे.

थळचा मामा आज माझ्याबरोबर अलिबागजवळचा सागरगड किल्ला चढला. वय एकसष्ट. चाळीस वर्षं मासेमारी केली. कनकेश्वराला तो लहानपणापासून जातोय, पण सागरगडावर कधीच गेला नव्हता. दिवाळीत सहज म्हणाला, "इतकी वर्सा त्याला बगून घरी आलो, न् वर कवा गेलोच नाय." मी तेव्हाच ठरवलं होतं.

सकाळी सहाला पायथ्याच्या खंडाळे गावातून निघालो. धोंडाण्याचा धबधबा आता कातळावरून ओघळणाऱ्या धारेएवढाच उरलाय. सिद्धेश्वराच्या देवळात पाणी प्यायलो, जरा टेकलो. पुढे सागरमाचीपर्यंत झाडी आहे, तिथून गडापर्यंत नुसतं वाळलेलं सोनेरी गवत. मामा सावकाश चालत होता, पण एकदाही थांबूया म्हणाला नाही. होडीत तोल सांभाळायची सवय, त्यामुळे घसाऱ्यावर त्याचा पाय माझ्यापेक्षा भक्कम पडत होता.

गडावर तटाचे अवशेष आहेत, पाण्याची टाकी आहेत. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात हाही होता. टोकाशी डोंगरापासून सुटलेला एक सुळका आहे, वानरटोक. तिथवर गेलो आणि मामा एकदम गप्प झाला.

खाली अलिबाग, समोर पाण्यात कुलाबा किल्ला. उजवीकडे कनकेश्वराचा डोंगर, थळच्या खत कारखान्याची धुराडी, आणि त्यांच्या पलीकडे समुद्रात दोन ठिपके. किनाऱ्याजवळ लहानगी उंदेरी, तिच्यामागे खांदेरी. हवा धुरकट होती तरी दोन्ही ओळखू येत होत्या.

मामा बऱ्याच वेळाने बोलायला लागला. समुद्रात आपण नेमके कुठे आहोत हे कसं कळतं, ते त्याने दोन्ही हात पुढे धरून दाखवलं. एका हाताची दोन बोटं म्हणजे खांदेरीचा दीपस्तंभ आणि त्याच्यामागचा डोंगर. ती एका रेषेत आली की एक ओळ मिळाली. दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी धरायची. दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपली होडी. पाण्याखालचा खडक, जाळ्याची जागा, सगळं असंच लक्षात ठेवायचं. डोंगर म्हणजे खूण. खूण चुकली तर होडी खडकावर. आता होडीवर जीपीएस आहे. त्याचा मुलगा स्क्रीन बघतो, आणि मामाला त्याचं वाईट वाटत नाही. मला मात्र वाटलं. या जोड्या कुठेही लिहिलेल्या नाहीत.

खांदेरीची लढाई मी शाळेपासून वाचत आले, पण ती समजली आज. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांनी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय हे दिसताच इंग्रजांनी जहाजं आणून बेटाभोवती लावली. तरीही किनाऱ्यावरून माणसं आणि सामान रात्रीचं पोहोचत राहिलं. का, ते मामाने बोटाने दाखवलं: "हितं पानी उथळ. मोठ्या गलबताला वारा पायजे, खोली पायजे. वल्ह्याच्या होडीला काय नको." पुढच्याच जानेवारीत सिद्दीने उंदेरी का बळकावली तेही वरून उघड दिसतं. खांदेरी आणि थळ यांच्या मधल्या वाटेवरच ती बसली आहे, दारात पाचर ठोकावी तशी. खांदेरीचा किल्ला नकाशात बघून मला कधी एवढा खरा वाटला नव्हता.

यंदा जुलैत युनेस्कोच्या यादीत खांदेरीचं नाव आलं आणि माझा ऊर भरून आला होता. थळहून होडीने बेटावर जाणारे आता वाढतील, वाढावेतही. पण मला वाटतं, आधी एकदा इथे वर यावं. बेटावर गेल्यावर तट दिसतो, तोफा दिसतात, वेताळाचं देऊळ दिसतं. ती जागाच का निवडली, हे इथून कळतं.

भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. मामाने थळच्या दिशेने घर शोधायचा प्रयत्न केला. माडांखाली काहीच दिसेना. मग म्हणाला, जाऊ दे, घरून हा दिसतो ना.

उतरताना माचीवर थांबून मी वहीत चार खुणांच्या जोड्या लिहून घेतल्या. पाचवी सांगता सांगता तो अडला. डोळे मिटून हात पुढे धरले, बोटं जुळवली, पुन्हा सोडली. "हितून नाय जमत गो," म्हणाला. "होडीत बसल्यावर सांगीन."

पुढच्या रविवारी भरती कधी आहे ते विचारून ठेवलंय. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्यायची.