वाघाच्या मावशीची शिकवणी

परवा आमच्या मनीचा अंदाज चुकला. फ्रिजवरून खिडकीच्या कट्ट्यावर घेतलेली तिची रोजची उडी चार बोटे कमी पडली आणि ती थेट ओट्यावर पालथ्या घातलेल्या परातीवर आदळली. परात जमिनीवर गेली, तिच्यापाठोपाठ दोन वाट्या गेल्या आणि त्या सगळ्या दणदणाटाच्या मधोमध मनी चारी पायांवर उतरून क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग ती तिथेच बसली आणि डावा खांदा चाटू लागली. खांद्याला काही लागलेले नव्हते, तो मळलेलाही नव्हता. पण जगात त्या घडीला खांदा चाटण्याइतके तातडीचे काम दुसरे नाही, असा तिचा आविर्भाव होता. "लाज वाटली हो बाईसाहेबांना," वाट्या उचलता उचलता आई म्हणाली. आईने हे नुसते पाहून ओळखले. मला मात्र ते आदल्याच रात्री एका पुस्तकातून कळले होते.

ते पुस्तक म्हणजे पॉल गॅलिको यांची 'जेनी' ही 1950 सालची कादंबरी. अमेरिकेत ती 'द अबॅन्डन्ड', म्हणजे 'टाकून दिलेले', या नावाने निघाली. हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती मला मिळाली आणि बोलणाऱ्या मांजरांची गोष्ट या वयात कोण वाचणार, असे मनाशी म्हणतच मी ती विकत घेतली. लंडनमध्ये राहणारा पीटर नावाचा आठ वर्षांचा मुलगा रस्त्यापलीकडे मांजराचे पिल्लू पाहतो, दाईचा हात सोडून धावतो आणि गाडीखाली सापडतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो पांढरे मांजर झालेला असतो. मांजरांचा तिटकारा असलेली दाई त्याला ओळखणे शक्यच नसते, ती त्याला बाहेर टाकते. मार खाऊन अर्धमेला झालेला पीटर पुन्हा डोळे उघडतो तेव्हा तो गोदीजवळच्या एका वखारीत, नेपोलियनच्या म्हणून जपलेल्या लाल रेशमी पलंगावर असतो आणि जेनी नावाची पट्टेरी मांजर त्याला चाटून साफ करीत असते.

येथून पुढे दुसऱ्या एखाद्या अद्भुत कादंबरीत भविष्यवाणी झाली असती, हरवलेले राज्य निघाले असते, आरंभी एखादा नकाशाही छापला असता. गॅलिको यांनी यातले काही केलेले नाही. पीटरला मांजराचे शरीर मिळाले आहे, पण ते चालवायचे कसे हे त्याला येत नाही, एवढ्या एका अडचणीवर त्यांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. उंदीर धरायचा कसा, तो खायचा कसा, जिभेने दूध प्यायचे कसे, उंबऱ्यावर थबकून बाहेरचा अदमास घेतल्याशिवाय दारातून पाऊल का टाकायचे नाही, हे सगळे जेनी त्याला घोकून घेतल्यासारखे शिकवते. उंबऱ्याचा भाग वाचताना मला आई आठवली. दार उघडे धरून, "जायचे तर जा, नाहीतर आत ये, डास येतात," असे ती मनीला रोज ऐकवते. उंबऱ्यावर बाई शिष्टपणा करीत नसून कामात आहेत, हे आता मी आईला समजावून सांगितले आहे. दार मात्र ती अजूनही तितक्याच नाखुशीने धरते.

या शिकवणीतला पहिला आणि सर्वांत मोठा धडा अंग चाटण्याचा आहे. जेनीचा नियम असा की मनात शंका आली की अंग चाटावे. चूक झाली, कोणी ओरडले, काय बोलावे ते सुचेना, भांडण टाळायचे आहे किंवा विचाराला थोडा वेळ हवा आहे, या सगळ्यांवर हाच उतारा. पुढे कोणता पाय उचलून शरीराच्या कोणत्या भागापर्यंत जीभ कशी पोचवायची याचे प्रात्यक्षिक येते आणि आपण माणूस आहोत हे विसरून वाचणाऱ्याचीही मान थोडी वळते. मांजर जागेपणीचा जवळजवळ पाव वेळ अंग चाटण्यात घालवते, असे अभ्यासक सांगतात. तिच्या जिभेवरच्या बारीक काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते, हे 2018 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. जेनीला यातले काही ठाऊक नाही आणि तिचे त्यावाचून अडतही नाही. ती केवळ रीत शिकवते, आपल्याकडे घरातली मोठी बाई पदार्थाचे प्रमाण न सांगता 'अंदाजाने घाल' म्हणून स्वयंपाक शिकवते तशी.

मांजर ही वाघाची मावशी, हे आपण लहानपणी ऐकलेले असते. तिने भाच्याला दबा धरणे, झेप घेणे, पंजा मारणे असे सगळे शिकवले आणि झाडावर चढण्याची विद्या तेवढी राखून ठेवली. पुढे वाघ तिच्यावरच उलटला, तेव्हा ती झाडावर चढून बसली. ही गोष्ट आपण मावशीच्या हुशारीची म्हणून सांगतो, आणि ती हुशार आहेच, पण गुरू म्हणून तिच्या मनात आरंभापासून शिष्याबद्दल संशय आहे. आपल्या जुन्या कथांतली मांजरे बोलू लागली की बहुधा असा काही संशय उभा राहतो. हितोपदेशातला दीर्घकर्ण मांसाहार सोडल्याचे सांगत आंधळ्या जरद्गव गिधाडाच्या ढोलीत शिरकाव करून घेतो आणि पक्ष्यांची पिल्ले फस्त करतो. महाबलीपुरमच्या शिळेवर तर मागच्या पायांवर उभे राहून तप करणारे मांजर कोरलेले आहे आणि त्याच्या पायांशी भाबडे उंदीर आहेत.

याहून गुंतागुंतीची गोष्ट महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात. लोमश मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडले आहे, पलित उंदीर त्या आनंदात आमिष खात बसला आहे, तेवढ्यात त्याला खाली मुंगूस आणि वर घुबड दिसते. पलित लोमशाशी करार करतो, तू मला आसरा दे, मी तुझे पाश कुरतडतो, आणि चक्क मांजराच्या कुशीत शिरतो. पाश मात्र तो मुद्दाम सावकाश कुरतडतो आणि शेवटचा पाश पारधी समोर दिसल्यावरच तोडतो, म्हणजे सुटलेल्या मांजराला पळण्यावाचून दुसरे काही सुचू नये. नंतर लोमश गोड शब्दांत त्याला बाहेर बोलावतो, तेव्हा कामापुरती झालेली मैत्री कामाबरोबर संपली, असे बिळातून उत्तर येते. राजनीतीचा हा पाठ उत्तम आहे. पण लोमशाच्या जागी कोल्हा बसवला तरी त्यातला एक शब्द बदलावा लागणार नाही. जेनीच्या जागी दुसरे कोणतेही जनावर बसवता येत नाही. ती मांजर असल्यामुळेच बोलते आणि मांजराच्या कामापलीकडचे फारसे बोलत नाही. म्हणूनच ती बोलते यावर माझा विश्वास बसला.

वाचता वाचता मी मनात तिचे बोलणे मराठीत करून पाहत होते आणि पहिल्याच वाक्याला अडले. आपल्याकडे मांजर नपुंसकलिंगी. मांजरीण म्हटले की उगीच व्याकरणाचा तास सुरू झाल्यासारखे वाटते, भाटी हा चांगला शब्द आता फारसा कोणी वापरत नाही आणि पीटरला बोका म्हणावे, तर डोळ्यांसमोर साय चोरून माजलेला जाडजूड गृहस्थ येतो, आठ वर्षांचा घाबरलेला मुलगा येत नाही. आनंदाने घशातून येणाऱ्या आवाजाला आपण गुरगुर म्हणतो, आणि चावायला निघालेल्या कुत्र्याची तीही गुरगुरच. घुरघुर म्हणावे, तर झोपलेल्या आजोबांची आठवण होते. त्यातून पीटरने जेनीला काय म्हणावे? तिच्या हाताखाली तो शिकतो, म्हणजे 'अगं जेनी' बरे दिसत नाही, आणि 'अहो जेनी' म्हणणारे मांजर अजून जन्माला यायचे आहे. सरतेशेवटी मी 'जेनीमावशी' ठरवले आणि सगळी वाक्ये सुरळीत चालू लागली. फक्त या मावशीने झाडावर चढण्याचा धडा राखून ठेवलेला नाही.

गॅलिको मुळात न्यूयॉर्कचे क्रीडापत्रकार होते. मुष्टियुद्धातल्या जगज्जेत्याचा ठोसा खाल्ल्यावर कसे वाटते हे लिहायला कळावे, म्हणून त्यांनी जॅक डेम्प्सीलाच सरावाच्या लढतीसाठी गळ घातली आणि पहिल्याच फेरीत ते आडवे झाले. कादंबरीतल्या दांडगट बोक्याचे नाव डेम्प्सी आहे हे लक्षात आल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले. ठोसा खाल्लेल्या माणसाने लिहिलेल्या त्या मारामाऱ्या खऱ्या वाटतात, मात्र ग्लासगोला जाणाऱ्या बोटीवरचा भाग मला जरा लांबलेला वाटला. तिथे एकदा जेनी समुद्रात पडते, पीटर तिच्यामागे उडी घेतो आणि खलाशांनी दोघांना बाहेर काढल्यावर, मेल्यासारख्या पडलेल्या जेनीला तो रात्रभर चाटत राहतो. शिकवलेला पहिला धडा तो तिच्यावरच गिरवतो. ती पाने मी दोनदा वाचली.

खरी अवघड पाने त्याआधीची आहेत. गोदीजवळ ग्रिम्स नावाचा एकटा म्हातारा जिरेनियमची झाडे लावून राहत असतो. तो दोघांना खाऊपिऊ घालतो, राहा म्हणतो. पीटरला राहायचे असते, जेनीला नको असते. ज्या घरात ती वाढली ते कुटुंब घर बदलून निघून गेलेले असते, ती मागे राहिलेली असते आणि तेव्हापासून माणसांवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिने पक्के केलेले असते. पुढे तिचे मन पालटते आणि दोघे परत येतात, तोवर म्हातारा गेलेला असतो.

मनी आमच्याकडे आली ती शेजारच्या इमारतीतून. ती इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, कुटुंबे मिळेल तिथे भाड्याने राहायला गेली, टेंपोत कपाटे चढली, कुंड्या चढल्या, आणि टेंपो गेल्यावर जिन्याच्या पायरीवर ही बसलेली दिसली. आठवडाभर ती तिथेच होती. मग भोवती उंच पत्रे लागले आणि ती पत्र्याच्या बाहेर बसू लागली. आईने खाली वाटीत दूधभात नेऊन ठेवला, तोही तिने पहिले तीन दिवस आमची पाठ वळल्यावरच खाल्ला. आता तिला आमच्याकडे दोन वर्षे होतील. तिचे जुने नाव काही और असणार, कारण 'मनी' म्हटल्यावर तिचा फक्त एकच कान वळतो.

काल संध्याकाळी भाजी घेऊन येताना ती पत्र्यांच्या फटीपाशी बसलेली दिसली. आत आता पायासाठी खणलेला खड्डा आहे, त्यात पाणी साचले आहे. ती फटीतून बराच वेळ आत पाहत होती. मी हाक मारली तसे तिने मागे वळून पाहिले, पुन्हा एकदा फटीकडे पाहिले आणि मग तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून, डावा खांदा चाटायला घेतला. मी पिशवी खाली ठेवली आणि तिचे होईपर्यंत थांबले.