माँ ब्लाँ बघायचा तर समोरच्या डोंगरावरून

माँ ब्लाँच्या, म्हणजे आल्प्सच्या सर्वोच्च शिखराच्या, पायथ्याच्या फ्रान्समधल्या शामोनीहून आलेला प्रत्येक जण एग्वी द्यु मिदी या सुळक्याचा फोटो दाखवतो. केबल कारने आणि मग लिफ्टने ३८४२ मीटरवर पोहोचायचं, धापा टाकत काचेच्या खोलीत फोटो काढायचा आणि खाली यायचं. त्यात वाईट काही नाही. पण तिथून माँ ब्लाँ म्हणजे नुसता एक पांढरा ढिगारा दिसतो. तोरणा नीट बघायचा तर राजगडावर बसावं लागतं, तसंच हेही. पायी फिरणाऱ्याने सरळ दरी ओलांडून समोरच्या रांगेवर जावं.

ही समोरची रांग म्हणजे एग्वी रूज. माँ ब्लाँकडची बाजू ग्रॅनाइटची, इकडची नीस खडकाची, आणि खडकातल्या लोहामुळे तांबूस दिसणारी. उंचीने बुटकी, अंगावर हिमनद्या जवळपास नाहीतच, आणि दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे दिवसभर ऊन. सूर्य माँ ब्लाँच्या मागून उगवतो, त्यामुळे सकाळी सगळे सुळके काळे दिसतात. फोटोची हौस असेल त्याने दुपारी वर असावं.

आम्ही वाट धरली ती शिड्यांची. त्रे-ल-शाँ ही १४१७ मीटरवरची चार घरांची वस्ती, तिथून लाक ब्लाँ हे २३५२ मीटरवरचं तळं. चढ साधारण ९३५ मीटरचा. पाट्यांवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात, आणि ती वेळ इथल्या लोकांच्या पायांची असते. सुरुवातीला सूचिपर्णी झाडांतून वळणं घेत जाणारी पायवाट, मग झाडी विरळ होते आणि आर्जाँतिएरचा सुळका समोर येतो. सुळक्यावर दोराने चढणारे लटकलेले असतात. आपली वाट त्याच्या कुशीतून शिडीवर.

माझा मित्र मूळचा नाशिकचा, आता जिनिव्हात नोकरीला. पहिली शिडी बघून म्हणाला, "हट्, आपला हरिहर गड याच्यापेक्षा अवघड आहे रे."

"आधी वर चल, मग बोल," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होतो. लोखंडी शिड्या कातळात पक्क्या ठोकलेल्या, पावलापुरत्या लोखंडी पायऱ्या, मध्ये लाकडी ओंडक्यांचे टप्पे, बाजूला धरायला गज. पकड शोधावी लागत नाही. आपल्याकडे अलंग-मदन गडांवर जो कातळ दोराशिवाय चढू नये म्हणतात, त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही. पण दृष्टिभय आहे. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून थेट दरीचा तळ दिसतो आणि रस्त्यावरून जाणारी बस काडेपेटीएवढी. गज सकाळच्या सावलीत इतका गार की बोटं बधिर होतात, आणि हजारो हातांनी घासून मधोमध चकचकीत झालेला. मित्र तिथे एकदम गप्प झाला. वरून एक सत्तरीच्या बाई उतरत होत्या, त्यांनी "बोंज्यूर" म्हणून आम्हालाच बाजूला घेतलं.

या वाटेने चढावं, उतरू नये. उतरताना पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, शिवाय खालून रांग येत असते. कातळ ओला असेल तर विषयच सोडा. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग गडगडायला लागतात आणि विजेच्या वेळी लोखंडी शिडी ही जगातली शेवटची जागा असावी, म्हणून लवकर निघायचं. आम्हाला सह्याद्रीत घसाऱ्याची सवय, मुरमावरून घसरत जायची. इथे घसारा फारसा नाही, त्याची भीतीही नाही. भीती फक्त हवेची.

शिड्या संपल्या की तेत-ओ-व्हाँ नावाचं पठार आणि पुढे शेझरीची तळी. माझं मत विचाराल तर थांबायचं इथेच. लाक ब्लाँ नामांकित आहे, पण तिथे फ्लेजेरहून लिफ्टने आलेल्यांची गर्दी होते आणि पाणी वाऱ्याने सतत थरथरतं. शेझरीच्या एखाद्या लहानशा डबक्यात आर्जाँतिएर हिमनदी आणि एग्वी व्हेर्त हे शिखर अख्खं उलटं दिसतं. वाटेवर एक बुकेतँ, म्हणजे मोठ्या शिंगांचा रानबोकड, रवंथ करत आडवा बसला होता. उठायचं नाव नाही. शेवटी आम्हीच वळसा घातला.

उतरायला फ्लेजेरची लिफ्ट आहे. शेवटची फेरी हुकली तर गावापर्यंत आणखी ८०० मीटर उतार, आणि गुडघे ते विसरत नाहीत.

पलीकडच्या बाजूची ग्राँ बाल्काँ नॉर ही वाट सोपी आणि थोडी कंटाळवाणी. प्लाँ द लेग्वीपासून ती माँताँव्हेरला जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रेल्वे आली तेव्हा उतारू स्टेशनातून जवळपास हिमनदीच्याच काठावर उतरत. आता ही हिमनदी, मेर द ग्लास, खोल खाली गेली आहे, वरून राखाडी खडीचा पट्टा दिसतो. खाली उतरताना खडकावर वर्षांच्या पाट्या लावल्या आहेत, बर्फ त्या वर्षी इथपर्यंत होता म्हणून. २०२४ साली तर हिमनदीकडे उतरणारी नवी गोंडोला, म्हणजे छोट्या डब्यांची केबल कार, वरच्या अंगाला बांधावी लागली.

बोसाँ हिमनदीकडे मात्र मराठी माणसाने मुद्दाम जावं. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा होते. १९५० साली 'मलबार प्रिन्सेस' हे विमानही याच डोंगरावर पडलं होतं. हिमनदी ते अवशेष हळूहळू खाली आणते. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची थैली सापडली, पुढच्या वर्षी पाचू-माणकांची पेटी, आणि २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातम्यांची वृत्तपत्रं, वाचता येतील अशी.

बोसाँची वाट जंगलातून सेरोच्या झोपडीवजा उपाहारगृहापर्यंत जाते, दोनेक तासांत जाऊन येऊन होते. शिड्यांना सुट्टी द्यावी लागेल अशा पावसाळी दिवसासाठी राखून ठेवा.