40 लॅपटॉप आणि दोनच पत्ते

रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेला देणगीतून 40 वापरलेले लॅपटॉप मिळाले होते आणि ते वर्गात वायफायवर चालते करून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. इतक्या यंत्रांवर कोणी एकेक करून सगळी मांडणी करत नाही. एक लॅपटॉप लिनक्स ही संगणकप्रणाली, मराठी कळफलक आणि अभ्यासाच्या साहित्यासह पूर्ण सिद्ध करायचा, क्लोनझिलासारख्या साधनाने त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची आणि तीच बाकीच्यांवर उतरवायची, ही रूढ पद्धत आहे. शाळेच्या आधीच्या तंत्रसाहाय्यकाने अशी इमेज तयार करून ठेवली होती आणि ती मनापासून केलेली होती. शाळेच्या वायफायचे नाव आणि पासवर्डही त्याने तिच्यातच घातले होते, त्यामुळे मुलांना पासवर्ड सांगण्याची गरजच उरली नव्हती. ही गोष्ट मला विशेष पटली, कारण फळ्यावर लिहिलेला पासवर्ड संध्याकाळपर्यंत गावभर होतो.

इमेज उतरवून झाल्यावर आदल्या दिवशी मी एकेक लॅपटॉप उघडून पाहिला. प्रत्येक लॅपटॉप आपोआप जोडला जात होता, पाने झटपट उघडत होती. दुसऱ्या दिवशी नववीचा वर्ग भरला, सगळे लॅपटॉप एका वेळी सुरू झाले आणि पाच मिनिटांत वर्गात नेटवर्क म्हणून काही उरले नाही. कोणाचे पान अर्धे उघडून थांबले होते, कोणाचे जोडणीचे चिन्ह क्षणात येऊन क्षणात जात होते, आणि कोणाकडे चिन्ह ठीक दिसत असूनही काहीच उघडत नव्हते.

शाळेत याचे कारण आधीच ठरल्यासारखे होते. इमारत जुनी, भिंती जांभ्या दगडाच्या आणि चांगल्या जाड, त्यामुळे लहरी पोहोचत नसणार, असे सर्वांचे मत होते, आणि वायफाय पुरवणारी आणखी तीन उपकरणे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट, विकत घेण्याचा विषय संस्थेच्या पुढच्या बैठकीसाठी मांडूनही झाला होता. ही शंका अजिबात अवाजवी नव्हती. जाड दगडी भिंत लहरी खूप शोषते, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल 1, 6 आणि 11 असे तीनच धरले जातात, म्हणून गर्दीच्या वर्गात अडचण येतेच. परंतु या वर्गाचा अ‍ॅक्सेस पॉइंट वर्गातच, फळ्याच्या वर बसवलेला होता. मध्ये भिंत नव्हती आणि प्रत्येक पडद्यावर लहरींची ताकद पूर्ण दिसत होती. शिवाय गर्दीमुळे वेग कमी होतो, सगळे हळू चालते; इथे मात्र जोडणी तुटत होती.

संगणकाच्या मॅडमनी तेवढ्यात एक निरीक्षण सांगितले आणि त्यानेच दिशा मिळाली. त्या म्हणाल्या, “सर, एकाचं चालू झालं की शेजारच्याचं बंद पडतं. दोघांचं एकदम चालताना मी अजून पाहिलंच नाही.” मी सर्व लॅपटॉप बंद करायला सांगून फक्त दोन सुरू केले. मॅडमचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दुसरा जोडला गेला की पहिला तुटत होता, पहिला पुन्हा जोडला गेला की दुसरा तुटत होता. दोन यंत्रांची गर्दी कोणत्याही अ‍ॅक्सेस पॉइंटला जड नसते.

मग मी सर्व लॅपटॉप पुन्हा सुरू करून अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. त्या यादीत मॅडमचा फोन होता, माझा फोन होता आणि लॅपटॉप फक्त दोन होते. आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या नोंदीतही तेच. समोर बाकांवर 40 यंत्रे सुरू आहेत आणि नेटवर्कच्या दृष्टीने त्यांतली दोनच अस्तित्वात आहेत, हे पाहिल्यावर भिंतींचा आणि लहरींचा विचार मी पूर्णपणे सोडून दिला.

वायफायवर यंत्र ओळखले जाते ते मॅक पत्त्यावरून. हा 48 बिटांचा पत्ता कारखान्यातच कार्डावर घातलेला असतो आणि कोणत्याही दोन कार्डांचा सारखा नसावा अशी व्यवस्था असते. काही लॅपटॉप उलटे करून त्यांच्या चिकटपट्टीवर छापलेले पत्ते पाहिले, तर ते वेगवेगळे होते. पडद्यावर मात्र त्या सर्वांचा एकच पत्ता होता आणि त्याचा दुसरा अंक 6 होता. (या पत्त्यांत ए ते एफ ही अक्षरेही अंक म्हणूनच येतात.) हा दुसरा अंक 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता सॉफ्टवेअरने तयार केला आहे असे समजावे, कारण पत्त्यातील एक बिट खास याच खुणेसाठी राखलेले असते.

लिनक्सवर वायफाय सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये अशी सोय आहे की कार्डाचा खरा पत्ता न दाखवता त्याऐवजी एक बनवलेला पत्ता दाखवायचा, आणि त्याच नेटवर्कसाठी दर वेळी तोच ठेवायचा. बसस्थानक, उपाहारगृह अशा ठिकाणच्या नेटवर्कला एका माणसाचा मागोवा घेता येऊ नये यासाठी ती सोय आहे आणि मला ती अतिशय योग्य वाटते. लिनक्सच्या फेडोरा या प्रकारात 40व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2024पासून, अशीच पद्धत मूळची म्हणून आली आहे. हा पत्ता फासे टाकून काढलेला नसतो. यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक, नेटवर्कमॅनेजरची एक गुप्त किल्ली, जोडणीची ओळख आणि कार्डाचे यंत्रातले नाव यांच्यावरून तो गणिताने काढलेला असतो. ओळख-क्रमांक आणि गुप्त किल्ली या दोन्ही गोष्टी डिस्कवरच्या साध्या फाइलींत असतात. डिस्कची हुबेहूब प्रत काढली की त्याही हुबेहूब उतरतात, आणि कार्डाचे नावही सारखे असेल तिथे तेच गणित तेच उत्तर देते.

दोन पत्ते का, याचाही उलगडा इथेच झाला. देणगीतले 34 लॅपटॉप एका मॉडेलचे आणि 6 दुसऱ्या मॉडेलचे होते. दुसऱ्या मॉडेलमध्ये वायफाय कार्ड वेगळ्या जागी असल्याने लिनक्सने त्याला वेगळे नाव दिले होते, म्हणून त्या सहांचे उत्तर वेगळे आले. खात्री करण्यासाठी मी एका लॅपटॉपला त्याचा मूळ पत्ता वापरायला लावले, आणि यादीत लगेच तिसरा लॅपटॉप दिसला.

अ‍ॅक्सेस पॉइंटच्या बाजूने पाहिले तर त्याचे वागणे अगदी योग्य होते. आधीच जोडलेले यंत्र पुन्हा नव्याने जोडणी मागते आहे असे त्याला दिसत होते, म्हणून तो जुन्या सत्राच्या कूटलेखनाच्या किल्ल्या टाकून नव्या देत होता. ज्याच्या किल्ल्या गेल्या तो लॅपटॉप काही क्षणांत तुटत होता, पुन्हा जोडणी मागत होता आणि ज्याने त्याला हटवले त्यालाच आता हटवत होता. 34 यंत्रांनी एकाच नावाने हजेरी लावल्यावर कोणाचाही निभाव लागणे शक्य नव्हते.

उपाय पेनड्राइव्हवरून करावा लागला, कारण नेटवर्कच नव्हते. छोटी स्क्रिप्ट लिहून मी प्रत्येक लॅपटॉपवरील मशीन-आयडीची, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाची, फाइल रिकामी केली, म्हणजे पुढच्या वेळी सुरू होताना यंत्र स्वतःचा नवा 32 अंकी क्रमांक बनवते. नेटवर्कमॅनेजरची गुप्त किल्ली काढून टाकली. दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्याही सर्वांच्या एकच होत्या, त्या नव्याने बनवल्या, आणि यंत्राचे नाव त्याच्या अनुक्रमांकावरून ठेवले. मशीन-आयडीचा प्रश्न मॅक पत्त्यापुरता नाही. काही लिनक्स मांडण्यांत डीएचसीपीला सांगायची ओळखही तिच्यावरूनच बनते, आणि मग मॅक पत्ते वेगळे असूनही दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळू शकतो. विंडोजवर क्लोन करण्यापूर्वी यंत्राची ओळख पुसणारे सिसप्रेप हे साधन चालवतात, त्यामागेही हीच काळजी आहे.

शाळेच्या वायफायसाठी कार्डाचा खरा पत्ताच वापरावा आणि इतर सर्व नेटवर्कसाठी बनवलेला पत्ता कायम ठेवावा, असे मी ठरवले. शाळेच्या नोंदवहीत प्रत्येक लॅपटॉपचा छापील पत्ता होता आणि कोणता लॅपटॉप जोडलेला आहे हे मॅडमना कळणे गरजेचे होते. पण मुले तेच लॅपटॉप घरी नेतात, आणि त्या मुलांना बाहेर कोणी ओळखून ठेवू नये हेही तितकेच गरजेचे होते. एकच सरसकट नियम लावला असता, तर यांतली एक बाजू सुटली असती.

स्क्रिप्ट चालवूनही तीन लॅपटॉप जोडले गेले नाहीत. त्यांच्यावर शाळेच्या वायफायची नवी फाइल मदतीला आलेल्या एका शिक्षकांनी पेनड्राइव्हवरून हाताने उतरवली होती. पेनड्राइव्हच्या फॅट मांडणीत लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, त्यामुळे फाइल सर्वांना वाचता येईल अशी उतरते. आत पासवर्ड असलेली अशी फाइल नेटवर्कमॅनेजर असुरक्षित म्हणून बाजूला ठेवतो आणि तसे फक्त नोंदीत लिहितो, पडद्यावर काहीच सांगत नाही. फाइल रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीची करून परवानगी 600, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, केली, तेव्हा तेही जोडले गेले.

दुपारच्या तासाला यादीत 40 लॅपटॉप दिसत होते आणि वर्ग चालला. वेग थोडा कमी झाला, तेवढा होणारच होता. मुख्याध्यापकांना मी लेखी कळवले की या वर्गासाठी नवीन काही घेण्याची गरज नाही, मात्र व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत लहरी खरोखरच पोहोचत नाहीत, त्यासाठी एक अ‍ॅक्सेस पॉइंट केबल ओढून बसवावा. मूळ इमेजही त्याच दिवशी दुरुस्त केली: आता ती घेण्यापूर्वी मशीन-आयडी रिकामी होते आणि दोन्ही प्रकारच्या किल्ल्या पुसल्या जातात, म्हणजे पुढे येणारा प्रत्येक लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना आपली ओळख आपणच तयार करील.